हनुवटीची वही: चेहऱ्यावरचे केस घालवायच्या घरगुती उपायांच्या तपासणीच्या नोंदी

3 ऑगस्ट 2025, रविवार

वही जुनीच आहे, मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलची. मागची चाळीस पानं कोरी होती, ती आता कामाला आली.

भाची (वय 19, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष) सकाळी आली ती तोंडाला ओढणी गुंडाळून. पुण्यात स्कूटीवरच्या मुली अशाच फिरतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण चहा झाला तरी ओढणी सुटेना, तेव्हा आईने विचारलं, "दाढ दुखतेय का गं?" मग सोडली. हनुवटी हळदीने पिवळी, कडेला काळसर, मधे सालटी निघालेली. "मावशी, चार महिने रोज घासतेय. केस तेवढेच आहेत, मीच झिजले."

कोणी सांगितलं, याचं उत्तर सगळ्यांनीच. हळद-बेसन, मसुराची डाळ दुधात, साखर-लिंबू, अंड्याचा पांढरा भाग, कच्ची पपई, कॉर्नफ्लोअर, तुरटी आणि गुलाबपाणी. मी ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. वीस वर्षं मुलांना "कंट्रोल कुठाय?" (म्हणजे तुलनेसाठी उपायाविना ठेवलेला नमुना) म्हणून टोकते, आणि घरात एकीनेही कधी कंट्रोल ठेवला नाही. तर आता ठेवू.

भाग घेणाऱ्या तिघी. भाची: वरचा ओठ, हनुवटी, कल्ले. मी: 46 वर्षं, गेल्या दोन वर्षांत हनुवटीखाली सात-आठ राठ केस, रिक्षाच्या आरशात दिसतात ते. शेजारच्या काकू: 52, दोन्ही गालांवर लव अचानक दाट झाली आहे. आई (74) सल्लागार. तिने स्वतःहून पद घेतलं.

नियम: जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून 2 सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापली. ती ठरलेल्या जागी ठेवून त्यातले केस मोजायचे. रविवारी सकाळी दहा, बाल्कनीतला उजेड. उपाय एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तेवढाच वेळ तेच घासणं, फक्त पदार्थ नाही. आणि काहीही चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. भाचीची हनुवटी पूर्ण बरी होईपर्यंत तिच्यावर प्रयोग नाही. ती रुसली.

5 ऑगस्ट, मंगळवार

कॉलेज सुटल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली केस पाहिले. काकूंच्या गालाची लव: बारीक, आखूड, रंग जवळजवळ नाही, टोक निमुळतं. माझ्या हनुवटीचा केस: काळा, जाड, मधून गाभा गेलेला. दोन वेगळ्या प्राण्यांचे वाटावेत.

हा फरक पुढच्या सगळ्याला लागणार. लव प्रत्येक बाईच्या चेहऱ्यावर असते. पुरुषी म्हणतात ती संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स (बायकांच्या शरीरातही ती असतातच, थोडी) वाढली, किंवा केसांची मुळंच त्यांना जास्त दाद देऊ लागली, की ओठ-हनुवटीवरची लव राठ होत जाते. माझ्या वयात इस्ट्रोजेन हे बायकी संप्रेरक उतरायला लागतं, त्यामुळे पारडं तिकडे झुकतं. हे सगळं त्वचेच्या आत, मुळाशी चालतं. बेसन वरती.

10 ऑगस्ट, रविवार

उटण्याचा पहिला आठवडा. डाळीचं पीठ दोन चमचे, हळद चिमूटभर, साय. माझ्या डाव्या गालावर लेप, वाळला की उलट्या दिशेने चोळून काढायचा, तीन मिनिटं. उजव्या गालावर नुसतं ओलं पंचाचं फडकं, तेवढीच तीन मिनिटं. काकूंचंही तसंच.

वाळलेल्या लेपाची पडलेली भुकटी टाकून दिली नाही. पाण्यात कालवून गाळली आणि गाळणकागदावर काय राहिलं ते पाहिलं. लव होती. मोजून अकरा. आई खूश, "बघ!" मग फडकं धुतलेलं पाणी गाळलं. नऊ. आई म्हणाली, फडकं खरखरीत होतं.

17 ऑगस्ट, रविवार

खिडकीतली मोजणी: दोन्ही गाल सारखे. एक-दोन केसांचा फरक येतो, पण तो एकच गाल दोनदा मोजला तरी येतो. डावा गाल लाल, शिवाय तीन दिवस पिवळी झाक. वाळलेला लेप थोडी लव ओढून तोडतो हे खरं, फडकंही तेच करतं. राठ केसाला दोघंही हात लावू शकले नाहीत.

मग उटण्याची एवढी ख्याती आली कुठून? आज भांडी लावताना आईच म्हणाली, "तुझ्या अंगावर काय केस होते जन्मली तेव्हा! तेल-हळदीचा कणकेचा गोळा फिरवायची मी रोज. तीन महिन्यांत साफ." आणि मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. बाळाची जन्मतःची लव काही आठवड्यांत आपोआप गळते. गोळा फिरवा, न फिरवा. घराघरात पहिल्या बाळापासून पीठ जिंकत आलं, कारण शर्यतीत ते एकटंच होतं. तेच पीठ पुढे पंधराव्या वर्षी मुलीच्या ओठावर आलं, आणि तिथे केस जाईनात तेव्हा चूक मुलीची ठरली: नेमाने लावत नाहीस.

हे आईला सांगितलं. ती म्हणाली, मग तुला न चोळता वाढवायला हवी होती. मुद्दा बरोबर आहे. कंट्रोल बाळ नव्हतं.

23 ऑगस्ट, शनिवार

भाचीबरोबर तुळशीबाग. गणपती बुधवारवर आलेले, त्यामुळे मखरं, माळा आणि माणसं यांतून चिमट्यापर्यंत पोचायला अर्धा तास. तिरक्या तोंडाचा चिमटा घेतला (सरळ तोंडाचा आखूड केस धरत नाही), भुवयांचा दोरा, चेहऱ्याचे छोटे रेझर, आणि भाचीच्या हट्टाने ती वाकवून गालावर फिरवायची स्प्रिंग. केस तिच्या वेढ्यांत अडकून उपटले जातात. घरी येऊन करून पाहिलं. केसांबरोबर कातडीही चिमटते. डोळ्यांतून पाणी. स्प्रिंग आता आईकडे आहे, ती म्हणते तिचा काहीतरी उपयोग होईल.

24 ऑगस्ट, रविवार

साखर-लिंबाचं वॅक्स. गौरींसाठी आईचे रव्याचे लाडू चालले होते, त्यामुळे पाकावरून पाकावर.

एक वाटी साखर, दोन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे पाणी, मंद आच. प्रयोगशाळेतला थर्मामीटर 110 अंशांपर्यंतच, म्हणून तो डब्यातच राहिला. आईचा थर्मामीटर म्हणजे वाटीभर गार पाणी. थेंब टाकायचा. पसरला तर कच्चा. बोटांत धरून तार आली तर लाडवाचा. पाण्यात मऊ गोळी झाली तर गोळीबंद, आणि आपल्याला हवा तो हा. रंग मधासारखा. लिंबू कशाला ते आईला ठाऊक होतं, "पाक साखरत नाही." का, ते मी सांगितलं: आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात आणि स्फटिक बांधायला अडथळा येतो. तिने मान डोलवली, पाक बिघडत नाही एवढं तिला पुरे होतं.

पहिला घाणा कच्चा. वरून पावसाची हवा. साखर हवेतलं पाणी ओढते, गालावर नुसता चिकटा झाला. दुसरा जास्त कढला, पातेल्यात दगड. तिसरा जमला. पूर्ण कोमट होईपर्यंत थांबले, कारण पाकाचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट: चिकटून राहतो. बोटाने केसांच्या उलट दिशेने पसरायचा, सुलट दिशेने झटक्यात काढायचा.

काम करतो. पहिला उपाय जो खरोखर मुळासकट केस काढतो. माझ्या हनुवटीचे आठांपैकी सहा निघाले. अट एक, केस निदान तांदळाच्या दाण्याएवढा वाढलेला हवा, म्हणजे तोवर तो मिरवत फिरायचं. (नंतरची भर: तिसऱ्या दिवशी दोन ठिकाणी केसतूड उठले.)

पपई आणि अंडं या आठवड्यात उरकलं. अंड्याचा वाळलेला पापुद्रा फडक्याइतकीच लव काढतो आणि वास येतो. पपईने काकूंच्या कोपराला खाज सुटली, तिथेच थांबलो. लिंबाचा रस नुसता लावून उन्हात जाणं तर नकोच, त्याने कातडीवर डाग उमटतात.

7 सप्टेंबर, रविवार

गौरी-गणपतीत वही बंद होती. काल विसर्जन, कानात अजून ढोल.

केस काढायचं क्रीम. नळीवर चेहऱ्यासाठी असं लिहिलेलं घेतलं. पीएचची (आम्ल-अल्क मोजायची) पट्टी बुडवली: गडद निळी-जांभळी, बाराच्या आसपास. लिंबाचा रस दोन, आपली त्वचा पाचेक. क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं. केसातल्या केराटिन या प्रथिनाचे धागे गंधकाच्या दुव्यांनी एकमेकांना बांधलेले असतात, ते दुवे हे तोडतं. काचपट्टीवर माझा डोक्याचा केस ठेवून पाहिलं, पाच मिनिटांत लोळागोळा.

अडचण अशी की त्वचेचा वरचा थरही केराटिनचाच. क्रीमला हे केस आणि ही कातडी असं कळत नाही. त्याला फक्त घड्याळ कळतं, आणि घड्याळ आपण बघायचं असतं. मी लावून बसले आणि गॅसवर दूध उतू गेलं. ओटा पुसून आले तोवर बारा मिनिटं. ओठाच्या डाव्या कडेला चरका, रात्री फोड. (नंतरची भर:) सोमवारी कॉलेजात सगळ्यांना "पुरणपोळीची वाफ लागली" सांगितलं. सप्टेंबरात पुरणपोळी.

14 सप्टेंबर, रविवार

भाचीची हनुवटी बरी झाली, फक्त डाग आहेत. ते जायला महिने लागतील; आपल्या सावळ्या त्वचेवर प्रत्येक घासणं आणि पोळणं रंग सोडून जातं. तिला आता प्रयोगात घेतलं.

ओठाचा डावा अर्धा दोऱ्याने, उजवा रेझरने. आई खोलीतून उठून गेली. "मुलीची जात आणि दाढी! काटे येतील काटे." भाचीही घाबरली होती, म्हणून आधी तिला एक जुनी गोष्ट सांगितली. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी 1928 साली पुरुषांची रोजची दाढी जमवून केस मोजले होते. वस्तऱ्याने केस ना जाड झाले ना भराभर वाढले. सत्त्याण्णव वर्षं झाली, बातमी अजून आमच्या स्वयंपाकघरात पोचली नाही.

दोरा मीच धरला. पार्लरवाल्या ताई एक टोक दातात धरतात. मी गाठ मारून गळ्यात अडकवला, थुंकी नको म्हणून. मधे सात-आठ पीळ, दोन्ही हातांची कात्री. पहिल्या पाच मिनिटांत केसांपेक्षा शिव्याच जास्त निघाल्या. रेझरला मात्र अर्धं मिनिट: कोरफडीचा गर, कातडी ताणलेली, केसांच्या दिशेने हलका हात.

20 सप्टेंबर, शनिवार

आजची नोंद प्रयोगाबाहेरची, पण सगळ्यात कामाची.

काकूंच्या गालांवरची लव वाढतेच आहे, आणि गाल लालसर, बारीक शिरा दिसतायत. सहज विचारलं, रात्री काय लावता? "काही नाही गं, वांगावरचं क्रीम. दीड वर्ष झालं. मैत्रिणीने दिलेलं, औषधाच्या दुकानात मिळतं." नळी मागवली. बारीक अक्षरं मोबाइलने मोठी केली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड. काही आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीत वापरायची चीज. महिनोन्महिने चेहऱ्यावर लावली की कातडी पातळ होते, शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात आणि लव वाढते.

म्हणजे काकू रात्री केस उगवत होत्या आणि रविवारी माझ्याकडे येऊन काढत होत्या.

लगेच फेकून देऊ का, विचारलं. नाही म्हटलं, एकदम बंद केलं तर चेहरा भडकून उठतो. त्वचेच्या डॉक्टरांकडे नळीसकट जा. काकू प्रयोगातून बाद. "मग माझ्या सहा आठवड्यांच्या आकड्यांचं काय?" असं त्यांनी विचारलं, मला फार बरं वाटलं.

28 सप्टेंबर, रविवार

दोरा विरुद्ध रेझर, दोन आठवडे. रेझरची बाजू तिसऱ्या दिवशी हाताला खरखर, तीनदा फिरवावा लागला. दोऱ्याची बाजू अजून बऱ्यापैकी साफ, आता बारीक टोकं येतायत. दोन्हीकडचा एकेक केस काचपट्टीवर. मुळाजवळची जाडी सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेतल्या मापपट्टीवर दोन्हींची सात घरं. फरक टोकात: दोऱ्यानंतर नव्याने आलेला केस निमुळता, रेझरचा सपाट कापलेला, उसाच्या कांड्यासारखा. बोटाला जे काटे लागतात ते हे. आईला भिंगातून दाखवलं. बराच वेळ बघत होती. "सारखेच दिसतात," म्हणाली, आणि लगेच, "पण मला चष्मा नीट नाही."

माझं मत झालंय. विखुरलेल्या चार-आठ राठ केसांना चिमटा, ओठाला दोरा, आणि जिथे जागा मोठी आहे किंवा कातडी नाजूक झाली आहे तिथे रेझर. तिन्ही मिळून शंभर-दीडशे रुपये. साखरेचं वॅक्स ज्याला पाक येतो त्याने करावं. बाकी स्वयंपाकघर स्वयंपाकाला.

4 ऑक्टोबर, शनिवार

दोऱ्याच्या त्या पाच मिनिटांत भाची बोलता बोलता म्हणाली होती की पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते. स्वतःच्या आईलाही सांगितलं नव्हतं, "परीक्षेचं टेन्शन असेल म्हणून." दसरा झाला, आज स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

डॉक्टरांनी आधी विचारलं, केस किती दिवसांनी काढतेस? हा प्रश्न महत्त्वाचा, कारण साफ करून गेलं की पुरावा घरी राहतो. मग एक तक्ता काढला. फेरिमन आणि गॅलवे यांनी 1961 साली केलेला, पुढे सुधारून नऊ जागांचा झाला: ओठ, हनुवटी, छाती, पाठ वगैरे. प्रत्येक जागेला शून्य ते चार, एकूण छत्तीस. साधारण आठच्या वर गेलं की तपासायचं. भाचीचे अकरा. तिने विचारलं, पासिंग किती?

रक्त तपासायला दिलं: टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीसाठी एक. आणि सोनोग्राफी. डॉक्टरांनी हेही विचारलं की केस अगदी काही महिन्यांत झपाट्याने वाढले का, आवाज घोगरा झाला का, कपाळावरचे विरळ झाले का. यातलं काही असेल तर वाट न बघता यायचं असतं. नव्हतं.

12 ऑक्टोबर, रविवार

रिपोर्ट आले. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांचा आणि अंडाशयाचा बिघडलेला तोल. 2003 पासून निकष असे आहेत की तीनपैकी दोन गोष्टी हव्यात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त, सोनोग्राफीत अंडाशयाची ठरावीक ठेवण. तिच्या पहिल्या दोन्ही आहेत. गोळ्या सुरू, रोज चालणं. केसांवर परिणाम दिसायला सहा महिने धरून चाला, डॉक्टर म्हणाल्या. जो केस आधीच वाढीला लागलाय तो आपलं चक्र पुरं करतोच, औषध पुढच्याला भेटतं.

लेझरचं तिने विचारलंच. आधी संप्रेरकं ताळ्यावर येऊ देत, नाहीतर नवे केस राठ होतच राहतील. सहा-आठ बैठका लागतात, सावळ्या त्वचेला योग्य यंत्र लागतं, आणि कधी कधी चेहऱ्यावर उलट आजूबाजूची लव वाढते. जायचं ठरलं तर त्याआधी काही आठवडे दोरा-चिमटा बंद, कारण लेझर मुळातल्या काळ्या रंगाला पकडतं; केसच उपटलेला असेल तर पकडणार काय? रेझर चालतो. हे ऐकून तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू रेझरचा शोध आम्हीच लावला.

तिने घरी येऊन आजीला स्वतः सांगितलं, "आजी, माझं बेसनात नव्हतं, रक्तात होतं." आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिच्यासाठी वेगळी, कमी साखरेची खीर केली होती.

20 ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे पाचला अभ्यंग. भाची मुक्कामी होती. आईने उटणं कालवलं, सुगंधी कचोरा, आंबेहळद, नागरमोथा, सगळ्या घराला वास. भाचीच्या हातांना, पाठीला चोळलं. चेहऱ्यापाशी आली आणि हात मागे घेतला. "तिथे नको. तिथे तुमचं प्रॅक्टिकल चाललंय."

फराळ झाल्यावर, सगळे फटाक्यांना खाली गेल्यावर, आई बाल्कनीत पाटावर येऊन बसली. चष्मा काढून मान वर केली. हनुवटीखाली एकच पांढरा केस, चांगला बोटाच्या पेराएवढा. "पूर्वी राख लावून बोटांनी काढायची. आता दिसत नाही. तुझे बाबा गेल्यापासून कोणी सांगतही नाही की वाढलाय."

चिमटा उकळत्या पाण्यातून काढून आणला. उजेड डावीकडून होता. एका ओढीत आला, मुळासकट. आईने तो तळहातावर घेऊन बघितला आणि विचारलं, वहीत चिकटवायचा का.

चिकटवला आहे. पुढच्या पानावर.